शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

जून महिन्यात शाळा सुरू होते, तेव्हा आमच्या शिशुवर्गाच्या दारात काही पालक हमखास थबकतात. आत त्यांची मुले काळ्या मातीचा गोळा मळत असतात. तुरीचे आणि हरभऱ्याचे दाणे वेगवेगळ्या वाट्यांत निवडत असतात. नाहीतर एका लहान तांब्यातले पाणी दुसऱ्या तांब्यात न सांडता ओतण्याची खटपट करीत असतात. पाटी-पेन्सिल कोठे दिसत नाही. मग हे पालक संकोचाने, पण अगदी मनापासून एक शंका बोलून दाखवितात. आपल्या आईबापांचे आयुष्य मातीत आणि दुसऱ्यांच्या खळ्यांवर गेले. लेकराचे हात त्यातून सुटावेत म्हणून त्याला शाळेत घातले. शाळेत येऊनही त्याने मातीच मळायची काय?

ही शंका हसून बाजूला सारण्याजोगी नाही. ज्या समाजाच्या हातांवर पिढ्यान्‌पिढ्या काम लादले गेले आणि त्याच हातांचा विटाळ मानला गेला, त्या समाजाला हातकामाचा संशय वाटला तर दोष कोणाचा? म्हणून या स्मरणिकेत शिशुवर्गाविषयी लिहावयाचे ठरले, तेव्हा शिक्षणशास्त्रातील सिद्धांत मांडण्यापेक्षा एका जीवनाची कथा सांगावी असे आम्हांस वाटले. महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या आद्य कार्यकर्त्या ताराबाई मोडक यांचे हे जीवन आहे. पालकांच्या शंकेचे उत्तर त्यांच्या आयुष्याच्या वळणांतच आम्हांस सापडते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी केळकर घराण्यात झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलीला शिकविणे हे पुष्कळ घरांत अजून धाडस समजले जाई, त्या काळात त्यांच्या घरी सुधारणेचे वारे होते. ताराबाई शिकल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे वऱ्हाडातील वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास पतिपत्नी विभक्त झाली, आणि लहानग्या मुलीची जबाबदारी घेऊन ताराबाई स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

उपजीविकेसाठी त्यांनी राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले. पद मानाचे होते, वेतन निश्चित होते. शिक्षिका घडविण्याचेच ते काम होते. मात्र मुलांना धाकात ठेवून पाठांतर करवून घेण्याची रूढ पद्धत ताराबाईंच्या मनास पटत नव्हती. याच सुमारास, तेथून दूर नसलेल्या भावनगरात, गिजुभाई बधेका या गृहस्थांनी काही वेगळेच चालविले असल्याचे त्यांच्या कानी आले.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे, या विचारात असताना इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांचे लेखन त्यांच्या हाती पडले आणि वकिली कायमची सुटली. १९२० साली त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडले. तेथे छडी नव्हती, बक्षिसाचे आमिषही नव्हते. गोष्टी होत्या, गाणी होती, नाटके होती आणि मुलांच्या हातांना भरपूर काम होते. लोक कौतुकाने गिजुभाईंना मूछाळी मा, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. १९२३ साली ताराबाईंनी राजकोटचे पद सोडले आणि त्या भावनगरास येऊन या कामात सामील झाल्या. पदवीधर प्राचार्या तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर जमिनीवर बसू लागली. गुजराती ही त्यांची मातृभाषा नव्हती. ती त्यांनी इतकी आत्मसात केली की त्या भाषेत लेखन आणि संपादन करणे त्यांना सहज जमू लागले.

या बालमंदिरात नेमके काय चालत असे, हे येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण आमच्या शिशुवर्गातील वाट्या आणि तांबे त्याच कुळातील आहेत. एका लाकडी ठोकळ्यात लहान-मोठी भोके असतात आणि प्रत्येक भोकात नेमका बसणारा एक दट्ट्या असतो. मूल सर्व दट्ट्ये काढते आणि पुन्हा जागच्या जागी बसवू पाहते. चूक झाली तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि एक भोक रिकामे राहते. चूक दाखविण्यासाठी शिक्षिकेला ओरडावे लागत नाही. ते काम साधनच करते आणि मूल स्वतः ती चूक दुरुस्त करते. शिवाय दट्ट्याची बारीक मूठ अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरावी लागते. पुढे पेन्सिल धरावयाची ती याच चिमटीत. दाणे निवडताना मूल सारखे आणि वेगळे यांतील भेद शिकते. मोजणीचा पाया तेथेच घातला जातो. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविताना अक्षराचे वळण आधी बोटाला समजते, मग डोळ्यांना. अशा मुलाच्या हाती पुढे पाटी दिली, तर त्याचे बोट चाचपडत नाही.

तेव्हा पाटी-पेन्सिल दिसत नाही म्हणून लिहिणे शिकविले जात नाही, असा समज करून घेऊ नये. मातीचा गोळा मळणारी बोटे लेखनाचीच तयारी करीत असतात. पालकांच्या शंकेचे हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर ताराबाईंच्या पुढील आयुष्यात आहे.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी केवळ एक आदर्श बालमंदिर चालवून समाधान मानले नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी त्यांनी अध्यापन मंदिर सुरू केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि शिक्षण पत्रिका हे नियतकालिक निघू लागले. पुढे ताराबाईंनी ही पत्रिका मराठीतही चालविली. मुलाला मारू नये, त्याची तुलना दुसऱ्याशी करू नये, त्याच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत, अशा साध्या पण घराघरात न पाळल्या जाणाऱ्या गोष्टी या लेखनातून शिक्षकांपर्यंत आणि आईबापांपर्यंत पोहोचल्या.

१९३६ साली ताराबाई मुंबईस आल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केले. मराठी मुलांसाठी मराठीतून चालणारी ही बालशाळा पाहता पाहता नावारूपास आली. १९३९ साली गिजुभाई निवर्तले. आता ही धुरा मुख्यतः ताराबाईंच्या खांद्यांवर आली. वयाची पन्नाशी जवळ आली होती, नाव झाले होते, संस्था स्थिरावली होती. दुसऱ्या कोणीही येथेच विसावा घेतला असता.

परंतु ताराबाईंना एक गोष्ट बोचत राहिली. माँटेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले होते. दिवसभर कामावर जाणाऱ्या मजुरांची मुले तेथे येत. मजुरांच्या मुलांसाठी जन्मलेली ही पद्धत हिंदुस्थानात मात्र सुखवस्तू घरांच्या अंगणात येऊन थांबली होती. सुबक लाकडी साधने महाग होती. ती परवडतील अशाच पालकांची मुले या शाळांत दिसत. ज्या मुलांना या शिक्षणाची सर्वाधिक गरज, ती गुरे राखीत होती, धाकटी भावंडे कडेवर घेऊन हिंडत होती.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबईबाहेर पडून ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. आज हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. त्यांच्यासमवेत अनुताई वाघ होत्या. १७ मार्च १९१० रोजी मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताई बालपणीच विधवा झाल्या आणि नंतर शिकून शिक्षिका बनल्या. संसाराने पोळलेल्या या दोन स्त्रियांची जोडी पुढे ताराबाईंच्या अखेरपर्यंत अभंग राहिली.

बोर्डीत बालवाडी उघडली. परंतु सर्व मुले तेथे आली नाहीत. गावकुसाबाहेरच्या दलित वस्तीतील आणि पाड्यांवरच्या आदिवासी घरांतील मुले दूर राहिली. त्यामागची कारणे आपणा सर्वांना ठाऊक आहेत. अंतर होते, दारिद्र्य होते, अंगावर धड कपडा नव्हता. आणि आपण तेथे चालणार नाही ही पिढीजात भीती होती. अशा वेळी बहुतेक संस्था अहवालात लिहितात की पालक उदासीन आहेत. ताराबाईंनी तसे लिहिले नाही. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीतील एखादे अंगण झाडून घ्यावयाचे, मुलांना गोळा करावयाचे, त्यांची नखे कापावयाची, आंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे आणि मग तेथेच गाणी, गोष्टी व हातकाम सुरू करावयाचे. वेळही संस्थेच्या सोयीने ठरत नसे. मुले आणि घरची माणसे मोकळी असतील तीच वेळ. गावात मध्यवर्ती ठिकाणी भरणारी ती बालवाडी आणि वस्तीच्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी. आज देशभर रूढ झालेल्या या शब्दाचा उगम या अंगणांत आहे.

या अंगणांत महागडी साधने नेणे शक्यच नव्हते. ताराबाईंनी त्याचे दुःख केले नाही. बिया, चिंचोके, खडे, शिंपले, पाने, बांबूच्या कांड्या आणि माती हीच नवी साधने ठरली. दट्ट्यांच्या ठोकळ्यामागचे तत्त्व तेच ठेवून वस्तू बदलल्या. लहान-मोठे शिंपले क्रमाने लावणारे मूल मापाचा तोच धडा शिकत होते. विशेष म्हणजे या वस्तू त्याच्या ओळखीच्या होत्या. हरवल्या तर शोधून आणता येत होत्या. मोडल्या म्हणून कोणी रागावणार नव्हते.

बोर्डी येथे दशकभर काम केल्यानंतर हे केंद्र जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता ताराबाई आणि अनुताई थेट वारल्यांच्या पाड्यांमध्ये येऊन पोहोचल्या. या मुलखाची हकिकत आपल्या समाजाने आवर्जून ध्यानी घ्यावी अशी आहे. जमीनदारांनी आणि सावकारांनी वारल्यांना वेठीस धरले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही मालकाकडे राबत. त्यांस लग्नगडी म्हणत. १९४५ साली, म्हणजे बोर्डीचे केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, गोदावरी परुळेकर यांच्या आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. एकीकडे मोठी माणसे आपले हात वेठीतून सोडवीत होती. दुसरीकडे त्यांच्या मुलांच्या हातांना प्रथमच असे काम मिळत होते, ज्याचा धनी दुसरा कोणी नव्हता. या दोन गोष्टींचे मार्ग भिन्न होते, कार्यकर्ते भिन्न होते. बालवाडीने वेठ संपत नाही, हेही खरे. परंतु वेठ संपल्यावर मोकळ्या झालेल्या हातांनी काय करावयाचे, याचे उत्तर शाळेलाच द्यावे लागते.

कोसबाड येथे नवी अडचण उभी राहिली. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येईना, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ असे. आईबाप कामावर जात. त्याला सांभाळणार कोण? म्हणून तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर, त्याहून मोठ्यांसाठी बालवाडी आणि त्यालाच जोडून प्राथमिक शाळा, अशी एकत्र रचना ताराबाईंनी केली. तिचे नाव विकासवाडी. धाकटा पाळण्यात निजला की बहीण मोकळेपणाने शिकावयास बसे. गुरे राखणारी मुले याही शाळेत येऊ शकत नव्हती. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. ती कुरणशाळा. पोरांना गुरांमागून ओढून आणण्याऐवजी पुस्तक आणि गोष्ट गुरांमागे चालत गेली.

या कार्याबद्दल १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ साली त्यांचे निधन होईपर्यंत पुढे चालविले. ताराबाईंच्या पश्चात दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आमच्या वाचकांपैकी अनेकांची नातवंडे आज ज्या अंगणवाडीत जातात, तिच्या नावामागे एका साठीकडे झुकलेल्या बाईची पायपीट आहे.

आता पालकांच्या शंकेचे उरलेले अर्धे उत्तर. बाबासाहेबांच्या साताऱ्यातील शाळकरी दिवसांची हकिकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. लहानग्या भीमरावांना वर्गात बसावयास स्वतःचे गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. शिपायाने नळ उघडला तरच पाणी मिळे, शिपाई नसला तर तहानलेलेच राहावे लागे. ज्या समाजाकडून जगाची सर्व कष्टाची कामे करवून घेतली गेली, त्याच समाजाच्या मुलाला शाळेतील पाण्याला स्पर्श करावयाचा नव्हता. काम लादणे आणि स्पर्श नाकारणे ही एकाच अन्यायाची दोन रूपे होत.

शिशुवर्गातील तांब्याकडे आम्ही या नजरेने पाहतो. तेथे चार वर्षांचे मूल स्वतः माठाजवळ जाते, स्वतः पाणी घेते, शेजारच्या मुलालाही देते. पाणी सांडले तर फडके आणून स्वतः पुसते. कोणते काम घ्यावयाचे आणि केव्हा थांबावयाचे, हे तेच ठरविते. त्याने निवडलेले दाणे कोणाच्या कोठारात जावयाचे नसतात. ते पुन्हा एकत्र होतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलाच्या वाटीत पडतात. वेठीच्या कामात हात राबतो आणि फळ दुसरा घेतो. येथे हात राबतो आणि शहाणपण त्याच मुलापाशी राहते. भगवंतांच्या धम्माला एहिपस्सिको, म्हणजे या आणि स्वतः पाहा असे सांगणारा, म्हटले आहे. कोणी सांगितले म्हणून न मानता स्वतःच्या प्रचीतीने जाणून घेण्याची ही सवय लावावयाची असेल, तर तिचा आरंभ बालवयातच आणि हातांपासूनच करावा लागेल.

ताराबाईंपासून आम्ही आणखी एक गोष्ट घेतली आहे. दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील सीमेवरचे गाव. सोलापूरहून वाडीकडे जाणारी आगगाडी येथून थोड्याच वेळात कर्नाटकात शिरते. येथील पुष्कळ घरांत कानडी बोलली जाते आणि मूल शाळेत येते ते मराठीच्या. नव्या भाषेच्या शाळेत पहिल्याच दिवशी पाटीवर अक्षर काढावयास सांगितले, तर अनेक मुले गप्प होतात, आणि मुकी मुले मंद समजली जातात. कोसबाडच्या वारली मुलांचीही गत अशीच होती. घरची बोली एक, पुस्तकाची भाषा दुसरी. परंतु तुरीचा दाणा हातात धरून तो वाटीत टाकावयास भाषा लागत नाही. मूल तो टाकता टाकता घरचा शब्द बोलते, बाई मराठी शब्द सांगतात, आणि एकाच दाण्याला दोन नावे असू शकतात हे त्याला हसत-खेळत कळते. घरच्या शब्दाची लाज न वाटता नवा शब्द मिळविणे ही आमच्या सीमाभागातील मुलांची मोठी कमाई आहे.

आमचे काम परिपूर्ण आहे असा आमचा दावा नाही. वसतिगृहाची शिस्त आणि शिशुवर्गाची मोकळीक यांचा मेळ घालताना आमचीही ओढाताण होते. शेजारच्या शाळेतील मूल इंग्रजी अक्षरे धडाधड म्हणू लागले, की पालकांइतकेच आम्हीही अस्वस्थ होतो. अशा वेळी आम्हांस कोसबाडची टेकडी आठवते. घाई करण्याचे कारण ताराबाईंनाही होते. त्यांच्या मुलांपाशी तर शिकावयास दिवसाचा मोजका वेळ असे. तरीही त्यांनी मुलाच्या हातांना त्यांचा वेळ दिला.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे, की पुढील वेळी शिशुवर्गाच्या दारात थबकलात तर तेथेच उभे राहू नका. आत या, जमिनीवर बसा आणि आपल्या लेकराचे हात काय करीत आहेत ते पाहा. माजी विद्यार्थ्यांनी येताना शेतातले दाणे, चिंचोके, बोरांच्या बिया, रिकाम्या डब्या आणाव्यात. या देणगीची पावती मिळणार नाही, पण तिचा उपयोग दुसऱ्याच दिवशी होईल. आणि घरी गेल्यावर, मूल स्वतःच्या हाताने पाणी घ्यावयास निघाले, तर सांडेल म्हणून त्याला अडवू नये.

ताराबाई मोडक यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.